ब्याऐंशी नॅनोमीटर ऊब

ओटमार हिलेब्रेष्टच्या उजव्या तळहाताबद्दल ग्योटिंगनच्या टेकडीवरच्या संस्थेत बरंच काही बोललं जायचं, आणि त्यातलं निम्मं तरी खुद्द ओटमारनेच पसरवलेलं होतं. यंत्राच्या टेबलावर त्याने हात टेकला की वरच्या मजल्यावर कोण चाललंय ते त्याला कळतं, असं लोक म्हणत. त्यावर ओटमार म्हणायचा, "चाल काय, कुणालाही कळते. मला त्याचा कुठल्या पायातला मोजा फाटलाय ते कळतं."

सत्त्याऐंशी सालच्या हिवाळ्यात तळघरात असा गारठा पडला की लेसरचा किरण अर्ध्या वाटेत गोठला आणि हातोडीने फोडून काढावा लागला, ही गोष्टही त्याचीच. त्या किरणाचा वावभर तुकडा त्याने घरी नेला आहे. त्यावर तो टोमॅटोचा वेल चढवतो. टोमॅटो लाल भडक येतात, पण अंधारात कापावे लागतात, नाहीतर डोळे दिपतात.

अशा माणसाचा कुणी कशावर विश्वास ठेवावा? पण ठेवत. कारण संस्थेच्या वर्कशॉपचा हा मास्टर चाळीस वर्षांत एकाच बाबतीत कधी खोटं बोलला नव्हता, ती म्हणजे माप. त्याने लेथवरून उतरवलेल्या तुकड्यावर जो आकडा लिहिला, तो तेवढाच असायचा. किरण गोठायचा तो गोठो.

तळघरातल्या शेवटच्या खोलीत मावशी राहायची. मावशी म्हणजे सूक्ष्मदर्शक. बावीस वर्षांपूर्वी ती दोघांनी मिळून उभी केली होती. तिच्यातलं सगळं पितळ आणि पोलाद ओटमारचं, सगळा उजेड डॉक्टर इल्झाबे क्वेन्टिनचा.

उजेडाची एक खोड आहे. दोन ठिपके फार जवळ आले, केसाच्या चारशेव्या हिश्श्याहून जवळ, की मग कितीही महागाची काच लावा, उजेड त्या दोघांचा एकच गोळा करून दाखवतो. याच्यापुढे मोठमोठ्यांनी हात टेकले. तिकडे येनाला तर ही मर्यादा चक्क दगडात कोरून उभी केली आहे, म्हणजे कुणी वाद घालायला नको. वाद कुणी घातलाही नाही. फक्त पुढे काही लोकांना एक युक्ती सुचली. पंगतीत सगळे एकदम बोलायला लागले की कोण काय म्हणतंय ते कळत नाही. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना गप्प बसवायचं आणि एकालाच बोलू द्यायचं. मावशी एका किरणाने ठिपका पेटवायची, आणि दुसऱ्या किरणाचं गोल कडं त्याच्यावर टाकून कडेचे सगळे विझवायची. कड्याच्या मधल्या भोकात जेवढं उरेल तेवढंच चमकायचं. ते टिपून झालं की पुढचं. असं एकेकाला बोलतं करत करत ती उजेडाच्या नाकावर टिच्चून त्या एका गोळ्यातले दोन जण वेगवेगळे दाखवायची.

संस्थेतली पोरं त्या कड्याला डोनट म्हणत. ग्योटिंगनच्या बेकरीतल्या गोड वड्याला मात्र भोक नसतं, मधोमध जॅम असतो. दर वर्षी नव्या विद्यार्थ्याला ओटमार असला एक जॅमवाला वडा नेऊन द्यायचा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "घे. जुळवणी बिघडलेला डोनट."

इल्झाबे क्वेन्टिन या विनोदाला बावीस वर्षं हसत आली होती. उंच, सडपातळ बाई, बासष्ट वर्षांची, करडे केस बारीक कापलेले. मावशीतून ती दोन मज्जापेशींमधली फट मोजत होती. दोन पेशी एकमेकींच्या अगदी जवळ येतात, पण टेकत नाहीत. मधे फट राहते आणि जे काही सांगायचं ते त्या फटीतूनच पलीकडे जातं. ती फट पेशी जिवंत असताना नेमकी केवढी असते, एवढा एकच प्रश्न ती सहा वर्षं धरून बसली होती.

आता या दोघांच्या बोलण्याबद्दल. दोघं एकमेकांना 'तुम्ही' म्हणत, ती त्याला 'हेर', म्हणजे श्रीयुत, आणि तो तिला 'फ्राउ', म्हणजे श्रीमती, लावून. नवा संचालक प्रोफेसर राइन्सबेर्ग कॅलिफोर्नियात दहा वर्षं काढून आला होता. त्याने पहिल्याच दिवशी जाहीर केलं की इथून पुढे सगळ्यांनी सगळ्यांना 'तू' म्हणायचं. ओटमारने प्रोफेसरला तू म्हटलं, झाडणाऱ्या बाईला तू म्हटलं, पाहणी करायला आलेल्या मंत्र्यालाही म्हटलं. पण शेवटच्या खोलीच्या दाराशी आला की त्याची जीभ आपोआप 'फ्राउ डॉक्टर, तुम्ही' म्हणायची. आता 'तू'चा प्रस्ताव थोरल्याने मांडायचा असतो, ही तिथली जुनी रीत. इल्झाबे त्याच्याहून आठ महिन्यांनी मोठी, शिवाय डॉक्टर, शिवाय बाई. मांडायचा तर तिनेच. एकदा उन्हाळी मेजवानीत ती पेला हातात घेऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली होती. म्हणाली होती, "हेर हिलेब्रेष्ट, मला वाटतं आता आपण..." आणि तेवढ्यात ओटमारच्याच शेगडीवरच्या सॉसेजच्या धुराने इमारतीतल्या आगीच्या सगळ्या घंटा वाजायला लागल्या. त्याला एकोणीस वर्षं झाली. त्या दिवसापासून ओटमारने सॉसेज भाजलेलं नाही, उकडूनच खातो.

तर मावशीच्या खोलीत एकोणीस अंश म्हणजे एकोणीस अंश, त्यात कणाचा फरक चालायचा नाही, आणि इल्झाबेची बोटं थंडीत पांढरीफटक पडायची. तीन हिवाळ्यांपूर्वी ओटमारने दाराच्या काचेतून तिला बारीक स्क्रू फिरवताना पाहिलं. एकदा फिरवायची, मग हात काखेत धरून बसायची. दुसऱ्या दिवशी त्याने लेथवर पितळेचं एक अंडं उतरवलं. कोंबडीच्या अंड्याहून मोठं, हंसाच्या अंड्याएवढं, तिच्या ओंजळीत बसेल असं. मग रोज सकाळी विजेच्या शेगडीवर साठ अंशांपर्यंत तापवायचं, लोकरीच्या जाड राखाडी नमद्यात गुंडाळायचं, आणि दहा वाजून दहा मिनिटांनी, सगळी मंडळी वर कॉफीला गेली की मावशीच्या बाजूच्या फळीवर ठेवून यायचं. ती साडेदहाला परत यायची. दुसऱ्या दिवशी अंडं त्याच फळीवर गार होऊन पडलेलं असायचं, नमद्याची नीट चौकोनी घडी घातलेली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. इमारतीचा रखवालदार ठेवत असेल असं तिला वाटत असावं, अशी ओटमारने स्वतःची समजूत करून घेतली होती.

मार्चच्या शेवटी, मंगळवारी प्रोफेसर राइन्सबेर्ग वर्कशॉपमध्ये आला. वय एक्केचाळीस, पायात पळायचे बूट, माणूस वाईट नव्हता.

"ओटमार, शुक्रवारी मावशी सोडवायची आहे. तुला कामाचे वाटतील ते भाग ठेवून घे."

ओटमारने लेथ बंद केला. "सोडवायची म्हणजे? साफ करायला?"

"कायमची. जागा रिकामी करायची आहे. मे महिन्यात नवं येतंय, कंपनीचं."

"ते पांढरं खोकं? ज्याला स्क्रू नसतात?"

"स्क्रू नसतात म्हणूनच ते सरकत नाही," प्रोफेसर म्हणाला. "तुझी मावशी सरकते. रोज सकाळी. इल्झाबेचा लेख परत आला. परीक्षक विचारतात, ज्या यंत्रातला ठिपका रोज ऐंशी नॅनोमीटर फिरायला जातो, त्याने मोजलेल्या फटीवर आम्ही का विश्वास ठेवावा? बरोबर आहे त्यांचं."

"कारण काय सरकण्याचं?"

"तेच तर कुणाला माहीत नाही. तीन वर्षं झाली."

तीन वर्षं! ओटमारला यंत्र जाण्याचं दुःख झालंच, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी बोचलं. मावशी नुसती शिंकली तरी फ्राउ डॉक्टर त्याला बोलावणं धाडायची. आणि तीन वर्षं ती रोज सरकतेय, आणि त्याला एका शब्दाने सांगितलं नाही?

तो तडक स्वान्त्येकडे गेला. स्वान्त्ये इल्झाबेची विद्यार्थिनी, उत्तरेच्या समुद्राकाठची, तोंडाने फटकळ. तिची पीएचडी उन्हाळ्यात व्हायची होती.

"काय मास्टर, माझी टोपी झाली का?" तिने विचारलं. तिथे डॉक्टर होणाऱ्याला बरोबरचे लोक स्वतः बनवलेली टोपी घालतात, फुलांच्या हातगाडीत बसवून गावात नेतात, आणि मग त्याने कारंजावर चढून तिथल्या हंसवाल्या लीझलच्या पुतळ्याचा मुका घ्यायचा. संस्थेतल्या सगळ्या टोप्यांवरचं धातूकाम ओटमारचं असायचं.

"टोपी राहू दे. मावशी सरकते म्हणजे कशी सरकते ते दाखव."

स्वान्त्येने पडद्यावर रेघ आणली. सपाट, सपाट, मग एक टेकाड, मग पुन्हा सपाट. "हा एक दिवस. दहा दहाला सुरू, साडेदहाला शिगेला, सव्वाअकरापर्यंत मुकाट्याने जागेवर. घड्याळ लावून घ्या. आम्ही सगळं तपासलं. याकोबी चर्चच्या घंटा तपासल्या, हॅनोव्हरची गाडी तपासली, कँटीनचं फ्रीजर बंद करून पाहिलं. त्या दिवशी सगळ्यांना वितळलेले वाटाणे खावे लागले."

"रविवारी?"

"रविवारी काही नाही. शनिवारीही नाही. मावशी सरकारी नोकर आहे." ती हसली. "उन्हाळ्यातही नाही. आणि हे बघा, ह्या महिन्यात तीन तारखेपासून चौदापर्यंत एकदम शांत. तेव्हा वाटलं, बरी झाली. पंधराला पुन्हा सुरू."

ओटमारच्या हातात कांदा आणि कच्चा खिमा लावलेला पाव होता. तोंडाशी नेलेला घास तिथेच थांबला. तीन मार्च ते चौदा मार्च तो हार्त्सच्या डोंगरात बहिणीकडे होता, गुडघा धरला म्हणून.

"मास्टर? चेहरा का असा झाला? खिमा खराब आहे का?"

"कांदा," ओटमार म्हणाला. "झोंबला."

वर्कशॉपमध्ये येऊन तो स्टुलावर बसला. फळी! ती फळी त्यानेच बसवली होती, फ्राउ डॉक्टरला चष्मा ठेवायला जागा हवी म्हणून. आणि बसवली होती ती कशावर? तर मावशीच्या खांबावर, चार स्क्रूंनी. दुसऱ्या कुणी मावशीच्या खांबाला काही टांगलं असतं तर त्याने त्याला तिथेच टांगलं असतं. यंत्राला श्वाससुद्धा लागू देऊ नका, अशी दारावरची पाटी त्याच्याच अक्षरातली होती. साठ अंशांचं पितळ फळीवर, फळीतून ऊब खांबात, खांब केसाच्या हजाराव्या भागाने लांबला, आणि ठिपका चालला फिरायला. ज्या हातांसाठी अंडं केलं, त्याच हातांचं सहा वर्षांचं काम त्या अंड्याने बुडवलं होतं.

बुधवारी त्याने अंडं नेलं नाही. दहा दहाला शेगडी बंद होती. साडेदहाला मात्र त्याला राहवलं नाही. तो हातात उगीच एक पाना घेऊन शेवटच्या खोलीसमोरून गेला. काचेतून दिसलं ते असं: इल्झाबे खुर्चीत बसली, डोळे पडद्यावर, आणि डावा हात न बघताच फळीकडे गेला. हाताला काही लागलं नाही. हाताने फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. चष्म्याचं घर उचलून त्याच्या खाली पाहिलं, जणू हंसाचं अंडं चष्म्याच्या घराखाली मावतं. मग तो हात परत आला आणि काखेत गेला.

अकराला स्वान्त्ये धावत आली. "मास्टर! सरकली नाही! आज जागची हलली नाही!"

दोघं प्रोफेसरकडे गेले. प्रोफेसरने रेघ पाहिली, मान हलवली. "चांगलं आहे. पण मार्चमध्येही दहा दिवस चांगली होती. का थांबली, ते सांगा. कारण कळल्याशिवाय यंत्र बरं झालं असं मी कुणाला लिहून देणार? कारण आणा, मावशी राहील. शुक्रवार सकाळपर्यंत."

परत येताना बोळात इल्झाबे भेटली. दोघंही थांबली.

"आज थंडी आहे, नाही का, हेर हिलेब्रेष्ट?"

"आहे खरी, फ्राउ डॉक्टर. वारा हार्त्सकडून येतोय."

"तळघरात?"

"तळघरातही येतो कधी कधी," ओटमार म्हणाला, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला आपली थाप फार पातळ वाटली.

गुरुवारचा अख्खा दिवस त्याने एक झकास खोटं बनवण्यात घालवला. भिंतीमागून गरम पाण्याचा एक विसरलेला नळ जातो, रखवालदार रोज दहा दहाला त्याची चावी उघडतो, हिवाळ्यातच, आणि सुट्टीला बंद. नकाशासुद्धा काढला. नकाशा एवढा सुंदर झाला की संध्याकाळपर्यंत त्याला स्वतःलाच भिंतीतून पाण्याचा आवाज यायला लागला. एवढ्यावर मावशी वाचली असती. त्याची चूक झाकली गेली असती, आणि तीन हिवाळे जे कुणाला सांगितलं नव्हतं तेही झाकलेलं राहिलं असतं.

मग त्याने नकाशाच्या कोपऱ्यात सवयीने माप लिहायला पेन्सिल टेकवली. नळाचा व्यास. पेन्सिल पुढे जाईना. नसलेल्या नळाला व्यास कुठून आणायचा? त्याने कागदाचा बोळा करून कचऱ्याच्या टोपलीत टाकला.

शुक्रवारी नऊ वाजता मावशीच्या खोलीत चौघं जमले. प्रोफेसर, स्वान्त्ये, इल्झाबे, आणि हातात नमद्याचं गाठोडं घेऊन ओटमार. स्क्रूड्रायव्हरची पेटी दाराबाहेर ठेवलेली होती.

"कारण आणलंय," ओटमार म्हणाला. त्याने इल्झाबेकडे पाहिलं नाही. "स्वान्त्ये, सोन्याचा कण लाव. ठिपका दाखव."

पडद्यावर एकच ठिपका चमकायला लागला, खाली मोजपट्टी. ओटमारने नमदा उलगडला. पितळी अंडं बाहेर आलं, आणि त्याने ते फळीवर ठेवलं. पाच मिनिटं गेली. ठिपका हलला. वीस नॅनोमीटर. पस्तीस. पन्नास. ओटमारने अंडं उचललं आणि दोन्ही हातांत धरून उभा राहिला. भाजत होतं, पण उभा राहिला. हळूहळू ठिपका मागे फिरला आणि जसा निघाला होता तसा घरी आला.

"पुन्हा कर," प्रोफेसर म्हणाला. तो खरा शास्त्रज्ञ होता. ओटमारने पुन्हा केलं. पुन्हा तेच झालं.

"म्हणजे तीन वर्षं," प्रोफेसर खुर्चीत बसत म्हणाला, "आम्ही चर्चच्या घंटा मोजत होतो, आणि तू रोज सकाळी येऊन इथे तापलेलं पितळ ठेवत होतास?"

"हिवाळ्यात. कामाच्या दिवशी."

"तू? ज्याने दारावर पाटी लावली?"

"मीच."

"पण का, ओटमार?"

आता ओटमारकडे प्रत्येक 'का'ला एक गोष्ट तयार असायची. गोठलेल्या किरणाची होती, फाटक्या मोज्याची होती. त्याने तोंड उघडलं, आणि पाहतो तर आत काहीच नाही. सगळे वाट बघत होते.

"त्यांचे हात गार पडतात," तो म्हणाला.

प्रोफेसरचे कान लाल झाले. तो उठला, पळायच्या बुटांनी उगीच जमीन घासली आणि म्हणाला, "बरं. हे... हे कारण म्हणून पुरेसं आहे. मी लिहितो तसं. म्हणजे, उष्णतेचा स्रोत सापडला, दूर केला, एवढंच लिहितो. मावशी राहील. पण ती फळी आजच्या आज निघाली पाहिजे."

"निघते."

"स्वान्त्ये, चल."

"मला इथे काम आहे," स्वान्त्ये म्हणाली.

"तुला इथे काहीही काम नाही," प्रोफेसर म्हणाला आणि तिला दंडाला धरून घेऊन गेला.

ओटमारने पेटी आत ओढली आणि फळीचा पहिला स्क्रू सोडवायला घेतला. पाठ इल्झाबेकडे. पाठीमागे खण उघडल्याचा आवाज आला, मग पानं उलटल्याचा.

"आठ जानेवारी," इल्झाबे वाचायला लागली. "एक्याऐंशी नॅनोमीटर. नऊ जानेवारी, चौऱ्याऐंशी. दहा, त्र्याऐंशी. अकरा जानेवारी, अठ्ठावीस. त्या दिवशी काय झालं होतं?"

ओटमारचा स्क्रूड्रायव्हर थांबला. "शेगडीचा फ्यूज गेला होता. कोमट होतं. तुम्ही हे... तुम्हाला माहीत होतं?"

"हेर हिलेब्रेष्ट, मी आयुष्यभर उजेडाला जे दिसत नाही ते बघत आले. माझ्या नाकाखालचं अंडं मला दिसणार नाही?"

"पण मीच ठेवतो, हे?"

"चौतीस वर्षांपूर्वी माझ्या डॉक्टरच्या टोपीवर पितळेचा हंस कुणी बसवला होता? आणि मी कारंजावर चढले तेव्हा शिडी कुणी धरली होती? हंसानंतर अंडंच येणार. जरा उशिरा आलं, एवढंच."

ओटमारने दुसरा स्क्रू सोडवला.

"सकाळचा एक तास मी मोजमापातून वगळत होते," ती म्हणाली. "माझी फट बरोबर आहे. चोवीस नॅनोमीटर. का वगळते, हे लिहायचं राहिलं होतं. लिहिलं असतं तर कारणही काढून टाकावं लागलं असतं ना. तुम्ही लगेच थांबला असता, आणि वर माफी मागत बसला असता."

"मावशी गेली असती, फ्राउ डॉक्टर!"

"मावशी काय, आपण दुसरी केली असती. बावीस वर्षांपूर्वी केलीच ना?" तिने पान उलटलं. "सरासरी ब्याऐंशी येते. पण एका दिवसाचं मला कळत नाही. चौदा फेब्रुवारी, एकशे एकोणीस."

"त्या दिवशी शेगडी जरा जास्त तापली असेल."

"आदल्या वर्षी चौदा फेब्रुवारीला, एकशे एकवीस. त्याच्या आदल्या वर्षी, एकशे अठरा."

"जुनी शेगडी आहे," ओटमार भिंतीला म्हणाला. "तिला तारखा कळत असतील."

मागून हसू फुटलं, जॅमवाल्या वड्यावर यायचं ते जुनंच, पण या वेळी ते थांबायचं नाव घेईना. ओटमारने चौथा स्क्रू काढला, फळी काखेत मारली, अंडं नमद्यात गुंडाळलं आणि दाराबाहेर पडला. बोळात पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की स्क्रूड्रायव्हरची पेटी आतच राहिली. ती आणायला तो सोमवारपर्यंत गेला नाही.

सोमवारी सकाळी त्याने सवयीने शेगडी लावली. साठ अंशांवर अंडं तापलं आणि मग त्याला आठवलं की ठेवायला फळीच नाही. जमिनीवर ठेवायचं, तर मावशीला लागेल. खुर्चीवर ठेवायचं, तर फ्राउ डॉक्टर त्यावर बसेल, आणि ती गोष्ट संस्थेत पुढची चाळीस वर्षं पुरेल. दहा वाजून दहा झाले, दहा वाजून वीस झाले. ओटमारने बराच विचार केला, पण मापात बसणारी एकच जागा उरत होती.

दहा पस्तीसला तो शेवटच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला, हातात नमद्याचं गाठोडं. तीन हिवाळे तो या दारातून चोरासारखा आत गेला होता. आज त्याने पहिल्यांदा दारावर टकटक केली.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ये ना आत, ओटमार."

ओटमारने मागे वळून पाहिलं. बोळात दुसरा कुणी ओटमार नव्हता. त्याने वर छताकडे पाहिलं, आगीच्या घंटेकडे. घंटा गप्प होती. तरी दार अर्धवट ढकलून तो क्षणभर थांबला, न जाणो.

"अरे, ये की! दार उघडं राहिलं तर खोलीचं तापमान बिघडेल," आतून आवाज आला. "आणि ते अंडं गार होतंय."

तो आत गेला. इल्झाबे मावशीपासून चांगली चार पावलं दूर, भिंतीजवळ खुर्ची घेऊन बसली होती. तिने दोन्ही हात पुढे केले, ओंजळ करून. ओटमारने अंडं तिच्या ओंजळीत ठेवलं. पितळ गरम होतं, बोटं बर्फासारखी होती, आणि ओंजळ नीट मिटावी म्हणून त्याला आपले हात तिच्या हातांभोवती धरावे लागले. निदान तो पुढे सगळ्यांना तसंच सांगायचा.

"भाजत नाही ना?" त्याने विचारलं, आणि मग वाक्याला शेपूट जोडलं, जिभेला नवीन असल्यासारखं, "तुला?"

"नाही," इल्झाबे म्हणाली. "पण आज चौदा फेब्रुवारीएवढं वाटतंय."

पडद्यावर ठिपका आपल्या जागी होता. त्या सकाळची रेघ स्वान्त्येने नंतर पाहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट. ओटमार मात्र अजूनही शपथेवर सांगतो की त्या दिवशी दहा पस्तीसला अख्खी टेकडीच ब्याऐंशी नॅनोमीटर सरकली. सगळंच एकदम सरकलं, म्हणून मावशीला कळलं नाही.